अप्पांच्या खिशातली अर्धी लुखमी

माझी माय नळी फोडून खायची. घरात मटण शिजलं की आधी आमची ताटं व्हायची, मग अप्पांचं, आणि सगळे उठले की ती चुलीपाशी पाटा ओढून बसायची. नळीचं हाड घ्यायची, पाट्याच्या कडेवर आपटायची, तोंडाला लावून ओढायची, परत आपटायची. टक, टक, मधे थोडा वेळ शांत, पुन्हा टक. आम्ही पोरं तोवर अंगणात घोंगड्यावर लोळत असायचो आणि तो आवाज ऐकून शेजारची चंद्राक्का भिंतीपलीकडून विचारायची, आज बकरं का मेंढरू? माय तोंडात हाड धरूनच उत्तर द्यायची. घरात तिच्याइतकं मटणावर जीव असणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि तिच्याइतकं कमी वाट्याला येणारंही कुणी नव्हतं. पण त्या नळीपायी तिची काही तक्रार नसायची. जेवण झाल्यावर ती पदरानं तोंड पुसायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जी तृप्ती दिसायची, ती मी नंतर कुणाच्याही चेहऱ्यावर पाहिली नाही.

आमचं गाव संतपूरच्या अलीकडचं. आजोबा मेंढरं घेऊन चार-चार महिने रानोमाळ हिंडायचे. अप्पांच्या काळापर्यंत मेंढरांचं खांड, म्हणजे कळप, आटत आटत गोठ्यापुरतं उरलं आणि त्यांनी थोडी शेती, थोडा मेंढरांचा व्यापार असं सुरू केलं. खेड्याखेड्यातून मेंढरं गोळा करायची आणि बाजाराच्या दिवशी टेम्पोत घालून बीदरला न्यायची. मी त्या वेळी बीदरलाच शिकत होते, मुलींच्या वसतिगृहात राहत होते. आमच्यात एवढी शिकणारी मी पहिलीच, म्हणून अप्पा दर बाजाराला मला भेटायला यायचे. फाटकाशी उभे राहून शिपायाकडून निरोप पाठवायचे, आणि मी बाहेर आले की माझ्याकडं न बघता रस्त्याकडं बघत विचारायचे, अभ्यास चाललाय न्हवं?

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, लग्नानंतर दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोटातच विझलं. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मायनं तिला लगेच माहेरी आणून ठेवलं आणि गावाबाहेरच्या बीरप्पाच्या देवळात जाऊन नवस बोलली. मी तेव्हा सुट्टीला घरी होते. देवळातून आली ती कपाळावर भंडारा, हातात रिकामं ताट, आणि उंबऱ्यातच उभी राहून तिनं सगळ्यांना ऐकवलं, "लेकराचं जावळ निघंपत्तर ह्या घरच्या माणसानं वशाट तोंडात घालायचं न्हाई. समद्यांचं मिळून बोललेय मी." वशाट म्हणजे मांसमटण. अप्पा बाजेवर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी मान हलवली. मीही हलवली. अक्का आत झोपली होती, ती रडत होती का काय ते कळलं नाही. त्या दिवसापासून आमच्या पाट्यावर नुसतं वाटण व्हायला लागलं, तेही शेंगदाण्याचं नाही तर जवसाचं.

आज मला वाटतं, मायनं एकटीपुरतं बोलायला हवं होतं. पण तशी आमच्याकडं रीत नव्हती. नवस घराचा असायचा, आणि घरातल्या प्रत्येकाचं तोंड त्यात धरलेलं असायचं. एकानं मोडला तर सगळ्यांचा मोडला.

लुखमी म्हणजे काय हे आमच्या भागाबाहेर सांगावं लागतं. मैद्याची चौकोनी, तळहाताएवढी पुरी म्हणा, पण पापुद्र्यांची. आत खिमा भरलेला, कडा दाबून बंद केलेल्या आणि तेलातून तळलेली. हैदराबादेकडं लग्नाच्या दावतीत पहिली तीच येते. बीदरात तेव्हा ती दोन-चार ठिकाणी मिळायची आणि प्रत्येकाची निराळी. अप्पांनी जन्मभर मेंढरं विकली, पण मेंढराचं मांस असं मैद्यात लपवून खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं. नवसाला महिना-दीड महिना झाला असेल, अशाच एका बाजाराच्या दिवशी ते आले, माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, वाळलीस. मी म्हणाले, वसतिगृहाची डाळ खाऊन बघा म्हणजे कळंल. मग ते मला चौबाऱ्याच्या, म्हणजे शहरातल्या जुन्या बुरुजाच्या, अंगाला असलेल्या बेकरीत घेऊन गेले. खारी घ्यायची म्हणून गेलो होतो. तेवढ्यात आतून गरम लुखम्यांचं ताट आलं.

वास म्हणजे काय सांगू. पुदिना, खिमा, वेलची आणि कढईचं तेल. आम्ही दोघं एकमेकांकडं बघायचं टाळत उभे राहिलो. शेवटी अप्पा खाली बघून पुटपुटले, "घरच्या माणसानं घरात खायाचं न्हाई म्हणली ती. बिदरात कुठं आलाय आपला उंबरा?" मायनं घरात असं म्हटलंच नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं आणि त्यांनाही. मी म्हणाले, व्हय की. एवढी लबाडी पुरली. दोन लुखम्या घेतल्या, दुकानाच्या मागच्या बोळात जाऊन भिंतीकडं तोंड करून खाल्ल्या. खाऊन झाल्यावर अप्पांनी बोटं पुसली आणि ते बसकडं निघाले. बसमध्ये चढताना मात्र वळून म्हणाले, पापुद्रा चांगला व्हता, पण खिमा कोरडा वाटला.

ते वाक्यच घात करून गेलं. पुढच्या बाजाराला, कोरड्या खिम्याची शहानिशा करायला, आम्ही बसस्टँडसमोरच्या हॉटेलात गेलो. तिथली लुखमी जाड, तेलकट, कांदा भरपूर आणि मिरची अशी की डोळ्यांत पाणी. मला ती फार आवडली. अप्पा म्हणाले, ह्यात खिमा न्हाई, खिम्याचा वास दावलाय नुसता. आमची जुंपली. बापलेकीत इतकं बोलणं आधी कधी झालं नव्हतं. घरी ते मोजकं बोलायचे आणि मी त्यांच्यापुढं उभी राहायलासुद्धा लाजायची. आता मात्र आम्ही आठवडाभर मनात मुद्दे जुळवून भेटायचो. पापुद्रा किती सुटला, कडा कच्ची राहिली का, खिमा दातांखाली येतो का नुसता कुस्करा आहे. तिसरं ठिकाण आम्हाला एका टेम्पोवाल्यानं दाखवलं, एका गल्लीतल्या घराची खिडकी. आत एक म्हातारी, सगळ्यांची खाला म्हणजे मावशी, बसून लहान लहान लुखम्या तळायची आणि खिडकीतून द्यायची. तिच्या खिम्यात लिंबू असायचं. आमचं भांडण ऐकून तिला हसू यायचं. "बाप-बेटी मिल के क्या पंचायत करते जी रोज?" असं विचारून ती एखादी तुटलेली कड जास्तीची द्यायची.

खरं सांगते, ते दिवस माझ्या तरुणपणातले सगळ्यात सुखाचे होते. हे लिहितानासुद्धा लाज वाटते. घरी माय जवसाच्या चटणीशी भाकरी खात होती, अक्काचे पाय सुजत होते, आणि मी वर्गात बसून आठवत होते की लिंबाची लुखमी सरस का मिरचीची. सुट्टीला घरी गेले की मायच्या समोर बसवत नसे. ती माझ्या ताटात तूप वाढायची, म्हणायची, वशाट न्हाई तर तूप तरी खा, तुला शिकायचंय. मी मान खाली घालून खायची. अप्पा ताट लवकर संपवून गोठ्यात जायचे. एकदा मी ठरवलंही, आता पुरे. पण बाजाराचा दिवस आला, फाटकाशी अप्पा उभे दिसले आणि माझी पावलं आपोआप चौबाऱ्याकडं वळली.

आमची अडचण एकच होती. तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून लांब, आणि आठवड्याला एकाच ठिकाणी जाणं व्हायचं. मागच्या बाजारची चव जिभेवर टिकत नाही, असं अप्पांचं म्हणणं. शेवटी त्यांनी तोड काढली. एका दिवशी चौबाऱ्याची एक घ्यायची, अर्धी खायची, अर्धी कागदात गुंडाळून जवळ ठेवायची, मग बसस्टँडची, तशीच अर्धी ठेवायची, आणि खालाच्या खिडकीशी जाऊन तिन्ही एकदम खाऊन निकाल लावायचा. त्या दिवशी मेंढरं लवकर विकली गेली होती आणि अप्पा खुशीत होते. चौबाऱ्याची अर्धी त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात टाकली, छातीवरच्या. बसस्टँडची अर्धी गरम होती, ती मी हातातच धरली. बसस्टँडवरून निघणार तोच आमच्या गावाकडचा जीपवाला धावत आला. आम्हालाच शोधत होता. अक्काला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या, अंगावरून जात होतं, आणि तिला माय आणि चंद्राक्कानं त्याच्याच जीपमध्ये घालून बीदरच्या सरकारी दवाखान्यात आणलं होतं.

हातातली लुखमी मी कुठं टाकली ते आठवत नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात माय भिंतीला टेकून उकिडवी बसली होती. लुगड्यावर रक्त होतं, ते अक्काचं. अप्पांना बघताच ती उठली आणि आमच्या गावात चारचौघांत कुठली बाई करणार नाही ते तिनं केलं, दोन्ही हातांनी नवऱ्याचा सदरा छातीशी धरला आणि त्यावर कपाळ टेकलं. मग ती थांबली. कपाळ तसंच ठेवून तिनं एकदा वास घेतला. मान वर केली. अप्पांच्या पांढऱ्या सदऱ्यावर खिशाभोवती तेलाचा पिवळा डाग पसरला होता. तिनं खिशात हात घातला, पुडी काढली, उघडली, नाकाशी नेली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं, माझ्या बोटांकडं. मी हात पाठीमागं नेले. तेच माझं उत्तर झालं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तर मनातल्या मनात तिनं मारावं म्हणून वाट बघत होते. ती पुडी घेऊन बाहेर गेली, फाटकापाशी बसलेल्या कुत्र्यापुढं ठेवली, नळावर हात धुतले, तोंड धुतलं, आणि नळाशेजारीच पदर पसरून उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. आम्ही व्हरांड्यातून बघत होतो, ऐकू काही येत नव्हतं. अप्पा खाली बसले आणि त्यांनी सदऱ्याचा खिसा मुठीत चुरगाळून धरला. आत अक्का ओरडत होती. तिच्या प्रत्येक ओरडण्याला मला वाटायचं, हे मी केलं. आजही कुणी मला म्हटलं की सुशिक्षित बाई असून असं कसं मानता, तर मी त्याला काही समजावत बसत नाही. त्या व्हरांड्यात तो उभा नव्हता.

पोरगा झाला. एवढासा, ओंजळीत मावेल असा. रडला नाही, नुसता कण्हला. नर्सनं त्याला काचेच्या पेटीत ठेवलं आणि जगेल का ते सांगता येत नाही म्हणाली. किती तरी दिवस आम्ही त्या काचेबाहेर उभे राहायचो. अप्पा अन्न टाकल्यासारखे झाले, विडीसुद्धा सोडली. मी वसतिगृहातून रोज यायची, मायच्या शेजारी बसायची, आणि आज तरी बोलेल, उद्या तरी बोलेल म्हणून जीव मुठीत धरायची. ती बोलायची, पण दुसरंच. दूध ओढलं का, अक्काला ताप आहे का, तू जेवलीस का. ते शेवटचं तिनं विचारलं की मला रडू फुटायचं. हळूहळू पोरानं अंग धरलं. बीरप्पाच्या नावानं बीरू नाव ठेवलं.

बीरूचं जावळ दीड वर्षानं निघालं. देवळापुढं मांडव घातला, बकरं पडलं, सोयरेधायरे जमले. रस्सा मायनंच शिजवला, तिच्या हाताला चव होती म्हणून दुसऱ्या कुणाला तिनं चुलीजवळ येऊ दिलं नाही. पण मी एक गोष्ट बघितली. रस्सा उकळल्यावर तिनं पळीभर काढून चंद्राक्काला हाक मारली, "मीठ बघ गं." चंद्राक्का म्हणाली, तूच बघ की, आता तर सुटलं तुमचं. माय तशीच पळी धरून उभी राहिली. चंद्राक्कानं चाखलं, अजून चिमूटभर टाक म्हणाली.

पंगत बसली. मी अप्पांच्या शेजारी होते. माझ्या ताटात फोडी पडल्या, रस्सा पडला, आणि हात काही उचलेना. बघते तर अप्पांचाही हात मांडीवरच. आजूबाजूचे सगळे हाडं फोडत होते, हसत होते. आम्ही दोघंच ताटाकडं बघत बसलो होतो. माय वाढत वाढत आमच्यापुढं आली आणि पातेलं खाली ठेवून बसली. हळू आवाजात म्हणाली, "कामून खाइनात?"

अप्पा म्हणाले, "कोणत्या तोंडानं खाऊ?"

"दवाखान्यातच बोलले मी देवाला," ती म्हणाली. "ह्या दोघांनी मोडलंय ते माझ्यावर घाल, लेकराला हात लावू नको म्हणलं. त्यांच्या वाट्याचं मी जन्मभर पाळते म्हणलं. त्यानं ऐकलं. आता तुमी न्हाई खाल्लं तर माझं बोलणं वाया जायलंय. खावा."

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. कामाचं सांगावं तसं तिनं सांगितलं आणि अप्पांच्या ताटात नळी वाढली, जी ती स्वतःसाठी बाजूला ठेवायची. मग पातेलं उचलून पुढं गेली. आम्ही खाल्लं. अप्पांच्या डोळ्यांतलं पाणी रश्श्यात पडत होतं आणि ते खात होते. नळी त्यांनी फोडली नाही, तशीच ताटात राहिली. सगळे उठल्यावर मायनं कांदा-भाकरी घेतली आणि चुलीपाशी बसून खाल्ली. पाटा तिथंच होता.

त्यानंतर आमच्या घरात मटण शिजत राहिलं. सणाला, पाहुण्यांना, बाजाराच्या दिवशी. माय शिजवायची, मीठ दुसऱ्याला विचारायची आणि आम्ही खायचो, कारण न खाणं म्हणजे तिचं बोलणं वाया घालवणं. पण रस्सा झणझणीत झालाय असं म्हणायची अप्पांना हिंमत झाली नाही. माझं लग्न झालं, नोकरी झाली, मी बीदरातच राहिले, त्या तीन ठिकाणांवरून कित्येकदा गेले. लुखमी मात्र घेतली नाही. अप्पांनी आणि मी तो विषय परत काढला नाही. आमच्यात जे थोडं मोकळं बोलणं सुरू झालं होतं तेही त्यासोबत संपलं. अप्पा गेले तेव्हाही निकाल लागलेला नव्हता.

शेवटची दोन वर्षं माय माझ्याकडं होती. दात गेलेले, नजर अंधूक, पण नाक शाबूत. बीरू आता चांगला बापयगडी झालाय, स्वतःची जीप चालवतो. त्याला यातलं काही माहीत नाही, आम्ही सांगितलंच नाही. एका दुपारी तो आला तो हातात गरम पुडकं घेऊन. मावशे, खाऊन बघ, नवी बेकरी झालीय, म्हणाला, आणि पुडकं ठेवून भाडं आलं म्हणून निघून गेला. माय पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडली होती. ती हळूच वळली. कशाचा वास यायलाय, तिनं विचारलं. मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हणाले, लुखमी हाय, माय.

"दाव," ती म्हणाली.

मी एक तिच्या हातात दिली. तिनं दोन्ही हातांनी चाचपली, कडा बोटानं दाबून बघितल्या, नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग परत माझ्या हातात दिली. "असलंच व्हतं व्हय त्यांच्या खिशात," ती म्हणाली. दवाखान्याचं एवढ्या वर्षांनी आता ती बोलणार, बोलू दे, असं वाटलं. ती म्हणाली, "कुणाची चांगली व्हती गं? तुझ्या अप्पाला इचारावं म्हणलं कितींदा. त्यांना वाईट वाटंल म्हणून न्हाई इचारलं."

मी हातातली लुखमी पुडक्यात परत ठेवली.

"सांग की," ती म्हणाली. "नुसतं ऐकल्यानं मोडत न्हाई न्हवं?"

मी तिच्या पलंगाच्या कडेला बसले आणि सांगायला सुरुवात केली. चौबाऱ्याची सांगितली, तिचे पापुद्रे कसे ओठांवरच सुटायचे ते. बसस्टँडची सांगितली, मिरचीनं अप्पांना कसा ठसका लागायचा आणि तरी ते दुसरी कशी मागायचे. खालाची खिडकी, खिम्यातलं लिंबू, ती तुटलेली कड. अप्पा काय म्हणायचे, मी काय म्हणायची, आमची कशी जुंपायची. माय डोळे मिटून ऐकत होती. तिचं बोळकं तोंड हलत होतं आणि मधेमधे ती आवंढा गिळत होती. माझं सांगून संपलं, मी डोळे पुसले, आणि मला वाटलं ती झोपली.

"मीठ?" तिनं डोळे न उघडता विचारलं. "मीठ कसं व्हतं ते सांगितलं न्हाईस."